अलीबाबा आला, शेजारी राहिला

मागे लातूरच्या एका शाळेने मला वाचन प्रेरणा दिनाला बोलावले होते. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रातल्या शाळा तो या नावाने साजरा करतात. कलामांच्या तसबिरीला हार घातलेला, टेबलावर पुस्तके मांडलेली, समोर सतरंजीवर आठवी-नववीची दोनेकशे मुले. निवृत्त बँक अधिकारी आणि कादंबरीकार अशी माझी ओळख करून देण्यात आली. वाचनाचे फायदे सांगून झाले. प्रश्न विचारा म्हटल्यावर नेहमीसारखी शांतता पसरली. मग मागच्या रांगेतून नववीतली एक मुलगी उठली.

"सर, तुम्ही मुलांसाठी पण पुस्तकं लिहिलीत. त्यात आमच्यातलं कुणी आहे का?"

"आमच्यातलं म्हणजे?" मी विचारले, आणि विचारताक्षणी चूक उमगली.

"मुसलमान, सर," ती सरळपणे म्हणाली.

"आहे की!" मी म्हणालो. ती बसली. टाळ्या झाल्या, नारळ-शाल झाली आणि मी नांदेडच्या एस.टी.त बसलो.

अहमदपूर येईपर्यंत मी मनाशी मोजत होतो. एका पुस्तकात टांगेवाला आहे. दुसऱ्यात बांगड्या भरणारी चाची आहे. तिसऱ्यात सायकलचे पंक्चर काढणारा म्हातारा आहे, तो मुलांना फुकट हवा भरून देतो. तिघेही वयस्क, तिघेही भले आणि तिघेही दीड-दोन पानांचे. एकालाही मी घर दिलेले नाही, कारण त्यांच्या मागोमाग मी घरापर्यंत कधी गेलोच नाही. आणि मूल? एकही नाही. मी त्या मुलीशी खोटे बोललो होतो.

हे मी लिहिले याचे मलाच नवल वाटते. कारण माझे अर्धे बालपण नांदेडच्या इतवाऱ्यात गेले. सातवीपासूनचा माझा जवळचा मित्र तिथे राहत असे. मोहरमला सवारी निघाली की आम्ही अलाव्याभोवती सोबतच घुटमळत असू. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याची पहिली वाटी त्याच्या अम्मीच्या हातची आणि दिवाळीत आमच्या अनारशांचा डबा त्यांच्याकडे, हे ठरलेले. यात थोरपणा काही नव्हता. गल्लीची तशी रीतच होती. कंधारच्या दर्ग्याला उरुसाला जाताना त्याच्या वडिलांनी मला त्याच्यासोबत नेले, तेव्हा माझ्या आईने फक्त 'मुक्कामाला पांघरूण घे' एवढेच बजावले.

माझे वडील निजामाच्या राज्यात शिकलेले. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले आणि मराठवाड्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतूनच होत असे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले तरी वडिलांच्या हिशेबाच्या वहीतले आकडे बरीच वर्षे उर्दूतच राहिले. ते माझ्या मित्राच्या घरी 'खिलौना' हे दिल्लीचे उर्दू मुलांचे मासिक चाळत आणि त्यातल्या गोष्टी आम्हा दोघांना मराठीत सांगत. पुढे १९९० च्या दशकात मी लातूरच्या शाखेत होतो. इनामी जमिनीचे कर्जप्रकरण आले की मुंतखबाचा पिवळा कागद निघे, आणि तो वाचून देणारा माणूस शोधत शिपाई गंजगोलाईत फिरे. ज्या लिपीत आमच्या जमिनी लिहिलेल्या, ती लिपी एका पिढीत आम्हाला अनोळखी झाली. लिपीबरोबर तिच्यातल्या गोष्टीही गेल्या.

असो. मुद्दा मुलांच्या आणि कुमारांच्या पुस्तकांचा आहे.

मराठी मुलाला अरबी आणि मुसलमानी जग भेटले नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. ते फार लवकर भेटले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या, आणि विष्णुशास्त्र्यांनी ते काम पुढे नेले. १९७० च्या दशकात गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या प्रतीवरून सोळा खंड मराठीत आणले, ते अर्थात मोठ्यांसाठी. मुलांच्या वाट्याला अलीबाबा, अल्लाउद्दीन आणि सिंदबाद आले. साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहून पैगंबरांचे चरित्र मराठी वाचकाला सांगितले.

त्यानंतर भेटला हमीद. पण तो हिंदीच्या पुस्तकातून. प्रेमचंदांची 'ईदगाह' ही १९३३ ची कथा. जत्रेत स्वतःसाठी खेळणे न घेता आजीचे हात भाजू नयेत म्हणून तीन पैशांचा चिमटा घेणारा हा पोरगा माझ्या पिढीतल्या कित्येकांना पाठ आहे. मराठी मुलांच्या मनातला सर्वांत जिवंत मुसलमान मुलगा असा दुसऱ्या भाषेतून उसना आलेला आहे.

अलीकडच्या काळात काबूल आले. डेबोरा एलिस यांची 'द ब्रेडविनर' ही कादंबरी २००० ची. तालिबानच्या राज्यात केस कापून, मुलगा बनून घर चालवणारी परवाना अपर्णा वेलणकरांच्या अनुवादामुळे मराठी घरांत पोचली. मलाला आली. कलामांचे 'अग्निपंख' आले आणि रामेश्वरमला वर्तमानपत्रे वाटणारा मुलगा घरोघर झाला. ही सगळी पुस्तके यायलाच हवी होती. पण या फळीकडे जरा लांबून पाहावे. अरबी गोष्टींतला अलीबाबा आहे, हिंदी मुलुखातला हमीद आहे, काबूलची परवाना आहे, रामेश्वरमचे कलाम आहेत. नांदेडच्या देगलूर नाक्यावरचा, लातूरच्या सुरतशहावली दर्ग्याजवळचा, औशाच्या किल्ल्यात क्रिकेट खेळणारा मुलगा कुठे आहे? दूरचे सगळे आत आले आणि शेजारचा तेवढा उंबऱ्याबाहेर राहिला.

कुणी म्हणेल, मराठीत या विषयावर लिहिले गेलेच नाही काय? भरपूर लिहिले गेले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मध्ये मुलाण्याचा बकस आहे. हमीद दलवाईंचा 'लाट' हा कथासंग्रह १९६१ चा आणि 'इंधन' १९६५ ची. आमच्या नांदेडला नरहर कुरुंदकर होते. पीपल्स कॉलेजात आणि बाहेरही इस्लामवर, फाळणीवर, दलवाईंच्या भूमिकेवर ते बोलत आणि लिहीत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष लातूरचे कवी फ. म. शहाजिंदे होते. आपली मराठी ही आपलीच आहे, ती कुणाकडून मागून आणलेली नाही, हे त्या संमेलनाने ठणकावून सांगितले. रा. चिं. ढेरे यांनी तर शेख महंमदांसारख्या मुसलमान मराठी संतकवींची परंपरा ग्रंथरूपाने मांडून ठेवलेली आहे.

पण हे सारे मोठ्यांसाठी आहे. आपल्याकडे मुसलमान हा चर्चेचा विषय झाला, चौदा वर्षांच्या वाचकासाठी गोष्टीचा विषय झाला नाही. प्रश्न म्हणून तो भाषणांत आला. मित्र म्हणून, वर्गात शेजारी बसणारा म्हणून, गोष्टीचा नायक म्हणून तो पानांवर फारसा आलाच नाही. बरे, मराठवाड्यात मुलांसाठी लिहिणारे कमी आहेत असेही नाही. नांदेडचे सुरेश सावंत यांना २०२५ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 'आभाळमाया'साठी मिळाला. आदल्याच वर्षी तो भारत सासणे यांना मिळाला होता, आणि २०२२ च्या उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते. लेखणी आहे, वाचक आहेत. मग अडते कुठे?

एक अडचण बाजाराची सांगतात. फार वर्षांपूर्वी मी एक कुमार कादंबरी लिहायला घेतली होती. तिचा नायक माझ्या मित्रासारखा होता. प्रकाशकांनी पहिली तीन प्रकरणे वाचली. "छान आहे. फक्त मुलाचं नाव बदलता येईल का? शाळा घेताना कचरतात," असे ते म्हणाले. मी नाव बदलले. मग शिरखुर्मा काढावा लागला, मग अम्मीची आई झाली, मग उरूस जाऊन जत्रा आली. शेवटी हातात जे उरले त्यात जीव नव्हता. मी ते फाडून टाकले. दोष प्रकाशकांना देऊन मी मोकळा झालो होतो, पण पेन माझ्याच हातात होते.

अशा बदलांची गोष्ट जुनी आहे. माझा मित्र इब्ने सफींच्या उर्दू जासूसी कादंबऱ्या वाचे आणि मी त्यांचे हिंदी अवतार. त्याच्याकडचा कर्नल फरीदी माझ्याकडे कर्नल विनोद झालेला असे. कॅप्टन हमीद मात्र दोन्हीकडे हमीदच! साहेबाचे नाव बदलायचे आणि हाताखालच्याचे ठेवायचे, यावर आम्ही तेव्हा पोट धरून हसलो होतो. आता हसू येत नाही.

दुसरी अडचण भीतीची आहे. आपल्याकडून काही चुकीचे लिहिले गेले तर? कुणाच्या भावना दुखावल्या तर? या भीतीपोटी लेखक एक तर विषय टाळतो किंवा देवमाणूस उभा करतो. दंगलीत हिंदू मुलाला वाचवताना प्राण देणारे चाचा हे त्याचेच रूप. माझा पंक्चरवाला त्यांचाच चुलतभाऊ. या माणसांना सारखे चांगुलपणाचे दाखले द्यावे लागतात. आणि चौदा वर्षांचा वाचक दाखले वाचत नाही. त्याला आपल्यासारखाच खोड्या काढणारा, खोटे बोलणारा, एखाद्या मुलीसमोर ततपप करणारा मुलगा हवा असतो. फास्टर फेणे मुलांना आवडला तो त्याच्या उचापतींमुळे.

याचा अर्थ सगळे गोडगोड लिहावे असा नाही. शिकायची इच्छा असलेल्या मुलीला घरातच थांबवले जात असेल तर तेही गोष्टीत यावे. दलवाईंनी आपल्या माणसांबद्दल लिहिताना हात राखला नाही. आमच्या वाड्यांतही मुलींना थांबवले गेलेच, तेही यावे. फक्त गोष्ट त्या मुलीच्या बाजूने असावी, तिच्यावरच्या निकालपत्रासारखी नसावी.

इतरत्र हे काम सुरू होऊन बराच काळ लोटला. ज्या १९९० साली सोलापूरचे संमेलन भरले, त्याच वर्षी रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन प्राध्यापिकेने म्हटले की, मुलांसाठी पुस्तक हे आरसाही असते आणि खिडकीही. नेओमी शिहाब नाय यांची 'हबीबी' १९९७ ची. तिच्यातली लियाना अमेरिकेतून वडिलांच्या पॅलेस्टाइनमध्ये येते आणि आपण नेमके कुठले हे शोधत राहते. ऑस्ट्रेलियाच्या रांदा अब्देल-फत्ताह यांची २००५ ची कादंबरी मेलबर्नच्या एका सोळा वर्षांच्या मुलीची आहे. डोक्याला हिजाब बांधून शाळेत जायचे ती स्वतः ठरवते. वाचक तिच्या निर्णयाशी सहमत होवो न होवो, तिच्या मैत्रिणी, तिची चिडचिड, तिची फजिती त्याला आपली वाटते. या दोघी लेखिका त्या घरांतूनच आलेल्या आहेत. आपल्याकडेही ही पुस्तके सर्वांत चांगली लिहितील ती तिथलीच मुले-मुली. पण तोवर माझ्यासारख्याने हात बांधून बसावे, हे मला पटत नाही.

आणि मराठवाड्यात तर लिहायला किती आहे! भाषाच घ्या. इथल्या घरांतली दखनी ऐका. 'नक्को' आणि 'इधरिच' यातला 'नको' आणि 'च' मराठीतूनच तिकडे गेलेले. लातूर पॅटर्नसाठी गावोगावची मुले लातुरात खोल्या करून राहतात. औशाचा एक आणि किनवटचा एक, असे दोघे एका खोलीत राहायचे ठरवतात. खोली पसंत पडते, भाडे ठरते, मालक नावे विचारतो आणि मग खोली 'आधीच दिलेली' असते. कादंबरीचे पहिले प्रकरण इथे तयार आहे. पुढे कुणी डॉक्टर होईल, कुणी नापास होईल. पण त्या संध्याकाळी जिना उतरताना दोघे एकमेकांशी काय बोलले, हे मराठीत लिहिलेले मला वाचायचे आहे.

'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, ते काढणारी बालभारती मराठीबरोबर उर्दू पाठ्यपुस्तकेही छापते. इकडच्या गोष्टी तिकडे आणि तिकडच्या इकडे यायला एकच जिना चढायचा आहे. दिवाळी अंकांनी, ग्रंथालयांनी, शाळांनी अशी पुस्तके मागितली तर प्रकाशकांची भीतीही कमी होईल. कलामांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या दिवशी त्या मुलीला तिच्या गावातले, तिच्या वयाचे एक तरी पुस्तक टेबलावर दिसावे, ही काही फार मोठी मागणी नव्हे.

त्या दिवशी नांदेडला उतरल्यावर मी घरी न जाता इतवाऱ्यात गेलो. मित्र आता नातवंडांत रमलेला. त्याला मुलीचा प्रश्न सांगितला, माझे खोटे उत्तर सांगितले, फाडलेली कादंबरी पुन्हा लिहितो म्हणालो. या वेळी नाव बदलणार नाही, असेही सांगितले. तो बराच वेळ चहा ढवळत बसला. मग म्हणाला, "लिख ना यार. लेकिन मेरे कू फरिश्ता नक्को बना. गणित में फेल दिखा. हुआच था मैं."

पहिले प्रकरण झाले आहे. त्यात तो नापास झाला आहे.