बदकांचे पंख आणि आपली राखण

अकोल्याच्या एका वाचकभगिनींनीं आम्हांस पत्र लिहिलें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांत मुलांच्या हौसेखातर चार बदकें पाळलेलीं आहेत. त्यांपैकीं एक अलीकडे कुंपणाच्या भिंतीवर चढून बसूं लागलें, व एके दिवशीं तर शेजारच्या अंगणांत जाऊन उतरलें. यावरून घरांत दोन पक्ष झाले आहेत. थोरले दीर म्हणतात, पंख छाटून टाका म्हणजे कटकट मिटेल. सासूबाई म्हणतात, देवानें पांखराला दिलेले पंख कापणारे आपण कोण? ‘तुमच्याहि घरीं बदकें आहेत, तरी आपला अनुभव कळवावा,’ अशी त्यांची विनंती आहे. प्रश्न वरवर पाहतां लहान दिसतो. परंतु आम्हांस त्याचें उत्तर स्वतःच्या चुकीनें शिकावें लागलें, म्हणून तें येथें सविस्तर देत आहों.

प्रथम हें पाहावें कीं, आपलें बदक खरोखर उडणारें आहे काय? पाळीव बदकांच्या बहुतेक जाती मॅलार्ड नांवाच्या रानबदकापासून माणसानें निपजविल्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या वजनाकडे पाहून निवड होत गेल्यामुळें पेकिनसारखीं पांढरीं बदकें इतकीं जड झालीं आहेत कीं, पंख फडफडवीत चार पावलें धांवण्यापलीकडे त्यांची मजल जात नाहीं. त्यांचे पंख कापणें म्हणजे जो घराबाहेर पडतच नाहीं, त्याच्या दाराला कुलूप लावण्यासारखें आहे. खाकी कॅम्पबेल अंगानें हलकीं. तीं भ्यालीं तर थोडींशीं उचलतात. मस्कोवी मात्र निराळें. तें मूळचें मध्य व दक्षिण अमेरिकेंतील, मॅलार्डच्या वंशांतील नव्हे. त्याच्या मादीला भिंतीवर किंवा झाडाच्या फांदीवर जाऊन बसणें सहज साधतें. पत्रांतील बदकाच्या तोंडावर लाल, मांसल गांठी असतील, तर तें मस्कोवीच समजावें.

आतां छाटण्याविषयीं. पंखाच्या टोकाकडील दहा लांब पिसांवर उड्डाणाचा मुख्य भार असतो. एकाच बाजूचीं हीं पिसें आखूड केलीं म्हणजे पक्ष्याचा तोल जातो व त्याला वर चढतां येत नाहीं. दोन्ही बाजूंचीं सारखीं कापलीं तर तोल राहून तो कसाबसा उठूं शकतो. पूर्ण वाढलेलें पीस नखासारखें असतें. तें कापल्यानें दुखत नाहीं. परंतु नुकत्याच फुटणाऱ्या पिसाच्या दांडींत रक्त खेळत असतें. त्याला कात्री लागली तर वेदना होते व रक्त वाहूं लागतें. यास्तव प्रथम हें काम जाणत्या पशुवैद्याकडून पाहून घ्यावें. अकोल्यास पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाच आहे, तेव्हां पत्रलेखिकेस हें अवघड नाहीं. बदकें वर्षांतून एकदां उडण्याचीं सर्व पिसें एकदम टाकतात, तीन-चार आठवडे मुळींच उडूं शकत नाहींत, आणि मग नवीं पिसें येतात. म्हणून छाटणीहि दरवर्षीं पुन्हां करावी लागते. पंखाच्या टोकाचा सांधाच कापून टाकण्याचा कायमचा उपाय कोणीं सुचविला, तर त्याचा विचारहि करूं नये. तो अंगभंग होय, आणि प्राण्यांचा असा अंगभंग करणें १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे.

हें सर्व आम्ही जाणत होतों, तरीहि चुकलों. अमरावतीच्या आमच्या घरीं बागेंतील गोगलगाईंचा उपद्रव फार वाढला होता, म्हणून माळ्याच्या सांगण्यावरून मस्कोवीची एक जोडी आणली. अंडीं खाण्याचा प्रश्नच नव्हता. गोगलगाई कमी झाल्या व मुलांना सोबत मिळाली. मादी भिंतीवर चढूं लागली, तेव्हां आम्हीं तिच्या एका बाजूचीं पिसें छाटलीं. काम नीट झालें, रक्ताचा थेंबहि आला नाहीं, आणि आमची चिंता मिटली. तेथेंच घात झाला. पूर्वीं तिन्हीसांजेला बदकांना खुराड्यांत घालून कडी लावण्याचें काम कोणी ना कोणी आठवणीनें करीत असे. पंख छाटल्यावर ‘आतां कोठें जातात?’ असें म्हणून सारेच निश्चिंत झाले. एकत्र कुटुंबांत जें काम सर्वांचें, तें पुष्कळदां कोणाचेंच नसतें. एके रात्रीं भटकीं कुत्रीं फाटकाखालून आंत शिरलीं. नर तुळशीवृंदावनामागें दडून वांचला. मादी ज्या जागेवरून रोज भिंतीवर उडे, नेमक्या त्याच जागीं, भिंतीच्या पायथ्याशीं, सकाळीं मरून पडलेली आढळली. आमच्या मातुश्रींनीं कोणास बोल लावला नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, “तिचें पळणें तुम्हीं काढून घेतलेंत; मग राखणें तरी पत्करायचें होतें.” धाकटी पुतणी कित्येक दिवस बागेकडे फिरकली नाहीं.

आपल्या विदर्भाला एका पांखराची जुनी आठवण आहे. नलराजानें बागेंत हंस धरला व त्याच्या विनंतीवरून सोडून दिला. तोच हंस उडत विदर्भांत आला आणि दमयंतीला नलाचे गुण सांगता झाला, अशी महाभारतांतील कथा आहे. तिचें कुंडिनपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यांतील वर्धेकांठचें कौंडिण्यपूर, असें परंपरा सांगते. आजहि हिवाळ्यांत वऱ्हाडच्या तलावांवर चक्रवाक, तलवार बदक असे उत्तरेकडील पाहुणे उतरतात. त्यांपैकीं एखादें जखमी होऊन हातीं लागलें, तर पंख छाटून तें घरीं ठेवण्याचा मोह धरूं नये, वनखात्यास कळवावें. रानपक्षी असे बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. पाळीव बदकाची गोष्ट वेगळी. त्याला परत जाण्यास तलाव नाहीं. आपलें अंगण हाच त्याचा देश. तें रस्त्यावर उतरलें तर गाडीखाली सांपडेल, म्हणून थोरल्या दिरांची काळजी खरी आहे. आणि पंख गेले तर जिवावरच्या प्रसंगीं तें काय करील, ही सासूबाईंची शंकाहि तितकीच खरी आहे.

तेव्हां आमचें सांगणें असें. आधीं खुराडें भक्कम करावें. त्याला बारीक जाळी व घट्ट कडी असावी, आणि फाटकाखालील फट बुजवावी. डोकें बुडेल इतक्या खोल पाण्याचें भांडें अंगणांतच, सावलींत ठेवावें. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत पाणी जवळ असलें म्हणजे बदकाला बाहेर धांवण्याचें कारण कमी उरतें. संध्याकाळची कडी घरांतील एका माणसाच्या नांवानें नेमून द्यावी. तो माणूस गांवाला गेला तर दुसरा कोण, हेंहि ठरवावें. महिनाभर एवढें करून पाहावें. त्यानंतरहि बदक रस्त्यापर्यंत जाऊं लागलें, तर एका बाजूचीं पिसें अवश्य छाटावीं. मात्र कात्रीचें काम वर्षांतून एकदांचें आणि कडीचें रोजचें. हें दुसरें काम पत्करणारें घरांत कोणी असेल, तरच पहिल्यास हात घालावा.