मुलाला विचारले कोणी?

मोहल्ल्यात तलाक झाला की चार बुजुर्ग बसतात. मेहर किती, इद्दतीचा खर्च किती, कपाट कोणाचे, दागिने कोणाचे, याची यादी होते. यादीच्या शेवटी मुले येतात. "मुलगा सातच्या वर आहे ना? मग बापाचा. मुलगी वयात आली? तीही बापाची." सह्या होतात, चहा होतो, लोक उठतात. ज्या चौदा वर्षांच्या मुलाचे घर त्या दिवशी बदलले तो बाहेर ओट्यावर बसलेला असतो. त्याला कोणी आत बोलावत नाही.

पुढचा भाग जुन्या नाशकात, वडाळ्यात उर्दू वर्गांवर शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांसमोर घडतो. सहामाहीनंतर नववीतले एखादे नाव रोज गैरहजर लागू लागते. मग अब्बा शाळा सोडल्याचा दाखला मागायला येतात. दुसऱ्या दिवशी अम्मी येऊन सांगते, दाखला देऊ नका. दहावी एका वर्षावर आलेली, आणि मुलीची रवानगी मालेगावला फूफीकडे ठरलेली असते, कारण अब्बांनी दुसरा निकाह केला आहे आणि नव्या घरात जागा नाही. म्हणजे हक्क बापाचा, पोरगी फूफीच्या चुलीपाशी! बी. एड.ला आम्ही किशोरावस्थेवर पानेच्या पाने लिहून गुण मिळवले. इथे त्यातले एक वाक्य उपयोगी पडत नाही.

विचारले तर उत्तर तयार असते: शरीअत अशीच आहे. मग शरीअतच पाहू. अबू दाऊदच्या हदीस संग्रहात एका तलाकशुदा बाईची फिर्याद आहे. नवरा मुलाला नेऊ पाहतो, आणि हा मुलगा तर मला अबू इनबाच्या विहिरीचे पाणी आणून देतो, असे ती सांगते. पैगंबर (स.) मुलाला म्हणतात, हे तुझे वडील, ही तुझी आई, हवा त्याचा हात धर. मुलगा आईचा हात धरतो आणि ती त्याला घेऊन जाते. शाफई फिकहने हाच कायदा केला: समज आलेल्या मुलाने निवडावे, आणि पुढे मन बदलले तर दुसरीकडे जावे. कोकणातले आपले बहुसंख्य भाऊबंद शाफईच आहेत. कसारा घाट उतरला की जे शरीअतीत बसते, ते घाटावर बसत नाही काय?

आम्ही नाशिककर बहुतेक हनफी. हनफी फकीहांनी ही निवड मानली नाही हे खरे. त्यांची हरकत 'हिदाया'त आहे: लहान मूल जो खेळू देईल त्यालाच निवडेल. सहा-सात वर्षांच्या मुलाबाबत ही भीती आम्हालाही पटते. पण वरच्या हदीसचा अर्थ लावताना हेच फकीह म्हणतात की तो मुलगा विहिरीवरून पाणी आणत होता, म्हणजे वयात आलेला असावा. ठीक. मग आमच्या नववीतला मुलगा कोण आहे? तो सायकलवर गिरणीतून दळण आणतो, आजीचे औषध आणतो, धाकट्या बहिणीला शाळेत सोडतो. हनफी मतानेही बालिग आणि समजदार मुलगा हवे तिथे राहू शकतो. हे पान बैठकीत कोणी उघडत नाही. मुलीला मात्र त्या पानावरही ही मुभा नाही, आणि आमचे खरे भांडण इथे आहे. आठवीत वर्गाचा हिशेब बिनचूक ठेवणारी मुलगी आपण कुठे राहायचे हे सांगू शकत नाही, हे आम्ही कसे मानावे?

देशाचा कायदा या बाबतीत बैठकीच्या पुढे आहे. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम १७ म्हणते की अल्पवयीनाला समजून पसंती सांगता येत असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते. मुसलमान मूल त्यातून वगळलेले नाही. तीन तलाकवरच्या २०१९च्या कायद्याबद्दल कोणाचे मत काहीही असो, त्याच्या कलम ६ने अल्पवयीन मुलांचा ताबा आईला दिला. पण मुलाला विचारा, असे त्या कलमातही लिहिलेले नाही.

आणि पैसा. "मुलगा पाठव, मग खर्च देतो," ही धमकी आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर ऐकली आहे. मूल आईकडे असले तरी त्याचा नफका बापावरच, हे फिकह सांगते. १९९७ साली नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की मुसलमान मुलांना सज्ञान होईपर्यंत, आणि मुलींना लग्न होईपर्यंत, बापाकडून पोटगीचा हक्क आहे. खर्च बंद होण्याच्या भीतीने मुलाने दिलेले उत्तर ही त्याची पसंती नव्हे.

विचारायचे म्हणजे चाळीस माणसांत उभे करून "अम्मी की अब्बा?" असे नव्हे. त्याने मूल आयुष्यभर स्वतःला एकाचा गुन्हेगार मानेल. न्यायाधीश आपल्या दालनात एकट्या मुलाशी बोलू शकतात. तसे मोहल्ल्यातल्या एखाद्या समंजस बाईने, मौलवीसाहेबांनी, किंवा आमच्यापैकी कोणी बोलावे. मूल गप्प बसले तर ते गप्प बसणेही मान्य करावे. दुसऱ्या घरी जुम्याला जाणे-येणे चालू राहावे. सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे. आणि शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत दाखला मागायला कोणी येऊ नये.