कंबरदुखी की फुगलेली रक्तवाहिनी? योजना ५ लाखांची, पण आधी निदान तर व्हायला हवं

पोटातली मुख्य धमनी बेंबीजवळ दुभंगून ओटीपोटातून दोन्ही पायांकडे जाते. या फाट्याची भिंत कमजोर झाली की सायकलच्या ट्यूबसारखा फुगा येतो. यालाच इलियाक एन्युरिझम म्हणतात. आजार दुर्मिळ, जास्त करून वयस्कर पुरुष, विडी-सिगारेट ओढणारे आणि बीपीवाले यांच्यात दिसतो.

खरी अडचण निदानाची. फुगा खोलवर असल्याने पोट दाबून सहसा हाताला लागत नाही. तो मूत्रनळीवर किंवा शिरेवर दाबला की मुतखडा नाहीतर कंबरदुखी समजून गोळ्या चालू राहतात. सोनोग्राफीत संशय येऊ शकतो, नक्की माप सीटी अँजिओग्राफीत कळतं. साधारण ३ ते ३.५ सेंटिमीटरला ऑपरेशनचा विचार होतो. पोट उघडून कृत्रिम नळी जोडतात, किंवा जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट बसवतात.

महात्मा फुले योजनेची मर्यादा दीड लाखावरून ५ लाख झाली. पण तालुक्याला सोनोग्राफीच झाली नाही तर कार्ड काय कामाचं? रक्तवाहिन्यांचे सर्जन मोठ्या शहरात, आणि फुगा फुटल्यावर तिथं पोचायला वेळ उरत नाही.

त्यामुळे दुखणं अंगावर काढू नका, सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारा. ऑपरेशन योजनेत बसतं का, हे आरोग्यमित्र सांगतील. अचानक जोराची कळ, घाम, चक्कर आली तर लगेच १०८ ला फोन करा.