कणा ताठ, पण लवचीक

जो माणूस दबावापुढे न झुकता आपले म्हणणे मांडतो, त्याला ‘बॅकबोन’ आहे असे इंग्रजीत म्हणतात. मराठीतही जो लगेच वाकतो, त्याला आपण ‘कणाहीन’ म्हणतो. निर्धारासाठी दोन्ही भाषांनी निवडलेला हा अवयव मुळात कसा आहे, हे पाहण्यासारखे आहे.

कणा म्हणजे सरळ काठी नव्हे. बालपणी त्यात साधारणतः ३३ मणके असतात. खालचे मणके जुळून प्रौढपणी २६ हाडे उरतात. बाजूने पाहिल्यास त्याला चार बाक दिसतात आणि मणक्यांमधील चकत्या धक्के झेलतात. या लवचीकतेमुळेच तो भार पेलतो.

प्रकृतीच्या बाबतीतही असाच निर्धार हवा. नवरात्र आले, की मधुमेह असलेल्या गृहिणीला घरातूनच ऐकावे लागते, “इतकी वर्षे उपवास केलेस, आता का मोडतेस?” इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असताना उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे. साखर ७०च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. त्या क्षणी उपवासाचा विचार करू नये. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडावाटे काहीही न देता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. उपवास करायचाच असेल, तर औषधांची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. ती आपल्या मनाने बदलू नये.

पंगतीत याच्या उलट घडते. “एका जिलबीने काय होते?” असा आग्रह होतो. अशा वेळी लांबलचक कारणे देऊ नयेत. प्रत्येक कारणावर आग्रह करणाऱ्याजवळ तोड असते. “आपण प्रेमाने वाढता, याचा आनंद आहे, पण मला नको,” एवढेच हसतमुखाने म्हणावे आणि पुन्हा आग्रह झाल्यास तेच वाक्य त्याच शांतपणे उच्चारावे. ठामपणासाठी आवाज चढवावा लागत नाही, तसे नाते तोडावेही लागत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कणा एकटा उभा राहत नाही. पाठीचे आणि पोटाचे स्नायू त्याला धरून ठेवतात. घरातील सून, सासू किंवा वडील प्रकृतीसाठी “नको” म्हणत असतील, तेव्हा इतरांनी गप्प न बसता “त्यांना आग्रह करू नका” असे सांगावे. पाठीशी उभे राहणे म्हणतात ते हेच. येत्या सणापूर्वी, वाचकहो, आपल्या घरात कोणाला अशा आधाराची गरज आहे, याचा अवश्य विचार करावा.