शोधनिबंधांची मोजदाद आणि विंचवाचा दंश

बीड जिल्ह्यातील नारायणगडाला भाविक धाकटी पंढरी म्हणतात. या गडाच्या आसपासच्या कोरडवाहू मुलखातून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. दगडधोंड्यांत, कडब्याच्या गंजीत आणि उघड्या रानातल्या कोपींत वावरणाऱ्या या माणसांना विंचू नवा नाही. वैद्यकीय संशोधनाची थोरवी कशी मोजावी हा विद्यापीठीय वाटणारा प्रश्न म्हणूनच त्यांचाही आहे. कारण संशोधक कोणत्या आजाराकडे वळणार, हे त्याची बढती कशावर ठरते यावर पुष्कळसे अवलंबून असते.

आज ही थोरवी आकड्यांत मोजली जाते. किती शोधनिबंध छापले, इतरांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, ते कोणत्या नियतकालिकात आले, यांचे हिशेब होतात. युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली फिलाडेल्फिया येथून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढला, तो एका निबंधावरून दुसऱ्याचा माग काढता यावा म्हणून. नियतकालिकांचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' ग्रंथपालांना निवडीसाठी उपयोगी पडणारे साधन होते. पुढे तोच माणसे तोलण्याचा तराजू झाला. २००५ साली हर्श यांचा 'एच-निर्देशांक' आला आणि संशोधकाचे सारे आयुष्य एका आकड्यात बसवण्याची सोय झाली.

या तराजूत डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम कसे तोलणार? आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा नागपूरला वैद्यक शिकून १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती. रुग्णाच्या उशाशी रात्री बसून त्यांनी नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरातील संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते, हा क्रम त्यांनी टिपला. त्यांचे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी येथे जीव वाचवते, हा त्यांचा निबंध १९८६ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गंभीर रुग्णांत पूर्वी शेकडा २५ ते ३० असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने शेकडा १ च्या घरात आले.

विशेष हे की, त्यांनी स्वतःच्या उपायालाही कसोटीवर घासले. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्यांपैकी शेकडा ९१ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसते प्राझोसिन दिलेल्यांत हे प्रमाण शेकडा २३ होते. आपल्याच गोळीपेक्षा सरस उपचार सिद्ध करणारा निबंध स्वतःच लिहिणे, याला संशोधन म्हणतात.

विंचूदंश हा श्रीमंत देशांचा रोग नाही. त्यावर लिहिणारे थोडे, म्हणून संदर्भ देणारेही थोडे. ग्रामीण केंद्रात ही गोळी देऊन रुग्ण वाचवणारा डॉक्टर निबंध लिहीत नाही. वाचलेला मजूर तर कोणत्याच सूचीत येत नाही. संदर्भगणना ज्ञानाची विद्वानांमधली उलाढाल मोजते, त्याचा समाजातील वापर नव्हे.

पण म्हणून प्रकाशनालाच नाक मुरडणे चूक ठरेल. बावस्करांनी लिहिले नसते, तर ते ज्ञान महाडपुरते राहिले असते. समीरन नंदी व सहकाऱ्यांच्या २०१६ सालच्या पाहणीनुसार, २००५ ते २०१४ या दशकात देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांनी एकही शोधनिबंध प्रसिद्ध केला नव्हता. हे मौन लाजिरवाणे आहे. त्यावर सक्ती हा उतारा नव्हे. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने अध्यापकांच्या बढतीस शोधनिबंधांची अट घातली आणि २०१५ च्या परिपत्रकाने फक्त पहिल्या दोन लेखकांना श्रेय देऊ केले. जेथे संशोधनाला वेळ नाही, प्रयोगशाळा नाही, तेथे अशा अटीतून ज्ञान निपजत नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार मात्र फोफावतो.

२०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या आकड्यावरून संशोधकाला जोखू नये, असे बजावले आहे. आपल्याकडे त्यापुढे जायला हवे. बढतीच्या वेळी निबंध मोजण्याऐवजी वाचले जावेत. जिल्हा रुग्णालये आणि आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना नोंदी ठेवण्यास व त्या प्रसिद्ध करण्यास वेळ आणि साहाय्य मिळावे. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा सारांश मराठीतही निघावा. कार्यकर्त्यांनी या मागण्या आरोग्याच्या प्रत्येक मेळाव्यात मांडाव्यात. नारायणगडच्या परिसरातील मजुराला कोणाचा निर्देशांक किती, याच्याशी कर्तव्य नाही; विंचू चावल्यावर जवळच्या केंद्रात गोळी, प्रतिविष आणि ती कशी द्यावी हे जाणणारा डॉक्टर आहे की नाही, एवढेच त्याला विचारायचे आहे. संशोधनाची खरी परीक्षा तेथे होते.