घोटभर चहाची जागा

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळे होऊन आमचे हिंगोली जिल्ह्याचे ठाणे झाले आणि गावाभोवती नव्या वसाहती उठल्या. आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर परवा तीन गाळे बांधून झाले. त्यांत कोणती दुकाने यावीत, यावर लगेच खल सुरू झाला. पेन्शनर मंडळींना औषधांचे दुकान हवे, पोरांना वडापाव, आणि मास्तरकीच्या सवयीने मला पुस्तकांचे! हॉटेलावर मात्र सर्वांचे एकमत.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "हाटेल आणा सर, पण बाईमाणसानं एकलीनं बसून घोटभर चहा पेला तर कोणी टकमक बघू नये, असं आणा."

यादीत ही मागणी कुणी लिहिली नाही. म्हणून येथे लिहितो. आमच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रानात त्या हळदीसाठी बायकाही राबतात. पण माल मोंढ्यात आला की चहाच्या बाकांवर बसतात ते पुरुष. बाईसाठी फार तर 'फॅमिली रूम'. म्हणजे पडदा, आणि सोबतीला घरचे कुणीतरी. तिच्या कष्टाचा पैसा बाजारात उजळ माथ्याने फिरतो, आणि तिने मात्र आडोशाला बसायचे, हा कुठला न्याय?

पुस्तकांचे दुकान मागाहून आले तरी चालेल. आधी असे हॉटेल यावे, की एकटी बाई आत शिरली तर "सोबत कोण आहे?" असे न विचारता "साखर किती घालू?" एवढेच विचारले जाईल.