दारूगोळ्याचा जमाखर्च

रामवाडीहून एका तरुण वाचकाने धाडलेली कैफियत आमच्यापुढे आहे. 'रेसिडेंट ईव्हिल २' या गेमच्या २०१९ सालच्या नव्या आवृत्तीत पोलीस ठाण्याच्या पश्चिमेकडील भागात पोहोचेतो त्याच्या पिस्तुलातील गोळ्या संपतात, पुढे तो निःशस्त्र सापडून मारला जातो, आणि यावरून आपला नेमच कच्चा आहे असा निष्कर्ष त्याने काढला आहे. आमच्या मते त्याचा नेम बरा आहे. चुकतो तो जमाखर्च.

कॅपकॉम कंपनीने शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली १९९६ साली या मालिकेतील पहिला खेळ प्रसिद्ध केला, तेव्हाच दारूगोळा तुटपुंजा, सामान बाळगण्यास जागा मोजकी आणि खेळ सेव्ह करण्यासाठी लागणारी शाईची फीतसुद्धा मोजून मिळणारी, अशी या प्रकाराची घडण ठरून गेली. शत्रू मारल्याबद्दल येथे ना गुण मिळतात ना नाणी. खर्ची पडलेल्या गोळ्यांच्या मोबदल्यात पदरी पडते ती केवळ त्या वाटेवरील निर्वेध ये-जा. म्हणून झाँबी दिसताच पिस्तूल उगारण्याआधी, या वाटेने आपणांस पुन्हा किती वेळा यावयाचे आहे, हा प्रश्न खेळाडूने स्वतःस विचारावा. जेथे राबता मोठा आहे तो बोळ साफ करावा, तेथील खिडक्यांना सापडलेल्या फळ्या ठोकाव्यात. जेथे एकदाच जावयाचे आहे तेथे झाँबीला एका अंगास ओढून, तो झेप घेऊ लागताच दुसऱ्या अंगाने निसटावे.

अरुंद वाटेतील कोंडी काय करते, ते इतिहासही सांगतो. पेणपासून फार दूर नसलेल्या उंबरखिंडीत १६६१ साली मुघल सरदार कारतलबखानाची मोठी फौज शिवाजी महाराजांनी कोंडली. त्या प्रसंगाचे स्मरण आपण मोठ्या अभिमानाने महाराजांच्या बाजूने करतो. परंतु गेममधील अरुंद बोळात शिरणारा खेळाडू बहुधा खानाच्या जागी उभा असतो, हे ध्यानी घ्यावे. समोरून दोन झाँबी येत असता तेथेच झुंजत राहण्यापेक्षा मागील प्रशस्त खोलीत परतावे आणि टेबलाभोवती फिरण्यास जागा ठेवून त्यांस तेथे येऊ द्यावे.

गोळी झाडणे अटळच झाले, तर पाय रोवून क्षणभर थांबावे. धावताना फाकलेले नेमाचे चिन्ह स्थिर उभे राहिल्यावर आकसते, आणि ते पुरते आकसण्यापूर्वी घाबरून झाडलेली गोळी बहुशः वाया जाते. डोक्यावर बसलेल्या एका गोळीने झाँबी डळमळला की त्याच क्षणी बाजूने पुढे सरकावे; त्याला संपविण्याचा मोह आवरावा. निपचित पडलेला देह मेलाच असे मात्र समजू नये. पहिल्या खेळाच्या २००२ सालच्या आवृत्तीत तर न जाळलेले झाँबी काही काळाने अधिक चपळ व हिंस्र होऊन उठत, आणि त्यासाठी रॉकेल बाळगण्याची तजवीज करावी लागे. याउलट 'डेड स्पेस'मध्ये (२००८) मस्तकाचा वेध घेणे जवळजवळ निरर्थक असून हातपाय तोडणे हीच रीत आहे; तेव्हा एका खेळातील सवय दुसऱ्यात आंधळेपणाने नेऊ नये.

'रेसिडेंट ईव्हिल २'मधील लिकर हा प्राणी दृष्टिहीन आहे. तो कानांवर विसंबतो, म्हणून तो छतावर असता त्याच्या खालून धावत न जाता संथ चालीने जावे. कान आपणही वापरावेत: पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की स्पीकरचा आवाज कितीही वाढविला तरी खेळातील पावले ऐकू येत नाहीत, यास्तव हेडफोन घेणे ही चैन समजू नये. खेळाडूचा पाठलाग करणाऱ्या मिस्टर एक्सची जड पावले कोणत्या मजल्यावरून येत आहेत हे ऐकूनच पुढची वाट ठरवावयाची असते. तो मरत नाही, पुष्कळ गोळ्या खाऊन केवळ काही काळ गुडघ्यावर टेकतो. म्हणून आमच्या रामवाडीच्या वाचकाने त्याच्यावर एकही गोळी खर्च करू नये.